काटकी, ढलपी आणि खत : घरगुती विद्युत चिपरचा विचार

१. प्रास्ताविक

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत पावसाळ्याच्या तोंडावर घरांच्या आणि गृहसंस्थांच्या आवारांतील झाडांची छाटणी होते. आंबा, सोनमोहर, जांभूळ, पेरू, कढीलिंब, जास्वंद यांच्या उतरवलेल्या फांद्या कुंपणाच्या एखाद्या कोपऱ्यात रचल्या जातात, आणि तेथूनच प्रश्नाला आरंभ होतो. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या डब्यात त्या मावत नाहीत. सुक्या कचऱ्यात त्यांची गणना होत नाही. तशाच पडू दिल्या तर पहिल्या पावसात ढीग भिजतो, त्याखाली विंचू-उंदरांना आश्रय मिळतो, आणि काटक्या मात्र वर्ष लोटले तरी जशाच्या तशा राहतात. अशा वेळी कोणीतरी काडी ओढतो व ढीग पेटवून देतो.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून लहान विद्युत चिपर हे यंत्र अलीकडे घरगुती वापरासाठी मिळू लागले आहे. घरच्या विजेवर चालणारे, दोन चाकांवर ढकलत नेता येणारे आणि सुमारे चार सेंटिमीटर जाडीपर्यंतच्या फांद्यांचे तुकडे करणारे असे हे यंत्र असते. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ते कचऱ्याच्या प्रश्नावरील रामबाण उपाय वाटते, तर काहींना ते गोंगाट करणारे खेळणे वाटते. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो असा की हे यंत्र कचरा नाहीसा करते किंवा निदान त्याने तसे करावे. वस्तुतः ते पदार्थाचा केवळ आकार बदलते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते बुरशी, जिवाणू व पाऊस यांच्या स्वाधीन असते. हे काम नीट व्हावयाचे असेल, तर शहरी बोलीने 'कचरा' या एका शब्दात कोंबलेले अनेक भेद पुन्हा सोडवून घ्यावे लागतात. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या यंत्राचा विचार केला आहे.

२. एकाच जिल्ह्यातील दोन शब्दव्यवहार

ठाणे जिल्ह्यात छाटलेल्या फांद्यांना एके काळी 'कचरा' म्हणण्याची सोयच नव्हती. भातशेती करणाऱ्याला त्या हव्या असत. उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेच्या जागी शेण, झाडांच्या डहाळ्या, गवत व पाचोळा यांचे थर पसरून, वरून माती भुरभुरवून ते सावकाश जाळीत. यालाच 'राब' म्हणतात. पाऊस सुरू होताच त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरले जाई. राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या तोडण्याचा हक्क हा शेतकऱ्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने या हक्कावर बंधने आणली, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष उत्पन्न झाला, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला या तक्रारींच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही राबाचे वर्णन आलेले आहे.

ज्या समाजाला एखाद्या वस्तूचा उपयोग असतो, त्याच्या भाषेत त्या वस्तूचे भेद दाखविणारे शब्द असतात. झाडावरून उतरलेल्या मालासाठी मराठीत असे शब्द विपुल आहेत. हिरवा तो पाला. वाळून गळालेला तो पाचोळा. पानांसह असलेली कोवळी फांदी ती डहाळी. बोटाएवढी वाळकी ती काटकी. चुलीत घालण्यायोग्य ते सरपण. कुऱ्हाडीच्या घावाने उडते ती ढलपी. करवतीखाली पडतो तो भुसा. या प्रत्येक शब्दामागे पदार्थाची जाडी, ओलावा आणि उपयोग यांविषयीचे ज्ञान दडलेले आहे. चूल गेली, गोठा गेला, राब शहराच्या हद्दीबाहेर गेला, आणि त्या उपयोगांबरोबर शहरी व्यवहारातून हे भेदही गळाले. उरला तो 'बागेचा कचरा'.

या संकोचाचे परिणाम केवळ शब्दकोशापुरते मर्यादित राहत नाहीत. राबात जाळण्यामागे निश्चित हेतू होता. उष्णतेने तणांचे बी मरे, राखेतून क्षार मिळत आणि माती भुसभुशीत होई. शहरातील आवारात पाचोळा व काटक्या जाळण्यात यांपैकी एकही हेतू नसतो. शिल्लक राहतो तो केवळ धूर. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतील कचरा निराळा साठवून आपल्या आवारातच ठेवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. कल्याणकरांना या नियमांमागील कारण निराळे समजावून सांगावयास नको. आधारवाडी येथील कचराभूमीला मार्च २०१८ मध्ये लागलेली आग आणि तिचा दिवसेंदिवस रेंगाळणारा धूर त्यांनी अनुभवला आहे. ती कचराभूमी २०२१ मध्ये बंद झाली. सारांश, फांद्या जाळावयाच्या नाहीत आणि दूर कोठेतरी टाकून द्यावयाच्याही नाहीत, अशी आजची स्थिती आहे. चिपरचा विचार या स्थितीत प्रस्तुत ठरतो.

३. बैलगाडीचे चाक : इंदूरचा दाखला

लाकडी पदार्थ आधी मोडावा व मग कुजवावा हा विचार विद्युत यंत्राबरोबर आला असे नव्हे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी खत तयार करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. तिची माहिती देणारा त्या दोघांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रकाशित झाला. माळव्यात कपाशीच्या व तुरीच्या काड्या मुबलक होत्या. परंतु त्या कठीण असल्याने खताच्या खड्ड्यात लवकर कुजत नसत. हॉवर्ड-वाड यांनी काढलेला उपाय अत्यंत साधा होता. या काड्या शेतावरील रस्त्यांवर पसरून ठेवावयाच्या; गाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांवरून जाऊन त्या चिरडल्या जात. मग तो चुरा गोठ्यात गुरांच्या पायांखाली अंथरावयाचा, म्हणजे तो मूत्र शोषून घेई, आणि शेवटी शेण, माती, राख यांसह त्याचा ढीग रचावयाचा.

या पद्धतीत घरगुती चिपरच्या वापराचे सगळे तत्त्व आलेले आहे. पहिली पायरी चिरडण्याची, दुसरी नायट्रोजनयुक्त पदार्थाशी मेळ घालण्याची, तिसरी हवा व ओलावा राखून कुजविण्याची. आजच्या यंत्राने यांपैकी पहिली पायरी तेवढी सोपी केली आहे. उरलेल्या दोन पायऱ्या ज्याच्या लक्षात राहत नाहीत, त्याच्या अंगणात फांद्यांच्या ढिगाऐवजी ढलप्यांचा ढीग होतो, एवढाच काय तो फरक.

४. यंत्राची रचना : रंधा आणि चरक

बाजारात 'चिपर' आणि 'श्रेडर' ही नावे सरमिसळ वापरली जातात. त्यामुळे नावावर न जाता आत काय फिरते ते पाहावे. घरगुती यंत्रांचे मुख्य प्रकार दोन आहेत.

पहिला प्रकार सुताराच्या रंध्याच्या तत्त्वावर चालतो. वेगाने फिरणाऱ्या जाड तबकडीवर दोन पाती बसविलेली असतात. मिनिटाला काही हजार फेरे होतात. फांदी वरून सोडली की प्रत्येक फेऱ्याला तिची एकेक कापटी निघते. तुकडे पातळ व स्वच्छ कापलेले असतात. काम जलद होते. पण आवाज कर्कश असतो, पाती लवकर बोथट होतात आणि ओल्या पानांचा लगदा मुखाशी अडकतो.

दुसरा प्रकार उसाच्या चरकाची आठवण करून देणारा आहे. दातेरी जाड रूळ मिनिटाला केवळ चाळीसच्या आसपास फेरे घेतो आणि फांदीला समोरच्या धातूच्या पट्टीवर दाबून चिरडत पुढे नेतो. फांदी यंत्र आपणहून ओढून घेते. आवाज पुष्कळच कमी असतो. तुकडे मात्र पूर्ण सुटे होत नाहीत. विशेषतः चिवट सालीच्या फांद्या नुसत्या ठेचून, माळेसारख्या जोडलेल्या बाहेर येतात. असे झाल्यास पट्टी आणि रूळ यांमधील अंतर बाजूच्या खुंटीने थोडेसे कमी करावे लागते.

कुजण्याच्या दृष्टीने या चिरडण्याला व कापण्याला महत्त्व का, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. ३ सेंटिमीटर जाडीची व ३० सेंटिमीटर लांबीची एक फांदी घ्यावी. तिच्या भोवती साल आहे. उघडे लाकूड आहे ते केवळ दोन टोकांना, मिळून सुमारे १४ चौरस सेंटिमीटर. याच फांदीच्या एकेक सेंटिमीटरच्या तीस चकत्या केल्या, तर उघड्या लाकडाचे क्षेत्र सुमारे ४२४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे तीसपट. साल हे झाडाचे बुरशीविरुद्धचे कवच असते. ते फोडून आतील लाकूड बुरशीच्या तंतूंना खुले करून देणे हेच या यंत्राचे खरे कार्य होय. ढिगाचे आकारमान घटते हा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारा फायदा आहे. परंतु खताच्या दृष्टीने तो दुय्यम म्हणावा लागेल.

५. वीज : दुर्लक्षित बाजू

या यंत्रांची शक्ती बहुधा २,००० ते २,५०० वॅट असते. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर २,५०० वॅटचे यंत्र सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते. भिंतीवरील लहान खोबणी ६ अँपिअरची असते. ती सुमारे १,४०० वॅटपुरतीच योग्य असल्याने या यंत्रास पुरत नाही. १६ अँपिअरची खोबणीच हवी, आणि भूमिसंपर्काची तार तिच्यात खरोखर जोडलेली असल्याची खात्री वीजतंत्र्याकडून करून घ्यावी.

त्याहून अधिक घोटाळा होतो तो लांबविलेल्या तारेमुळे. तळमजल्यावरील घरातून कुंपणापर्यंत वीस मीटर तार न्यावयाची, आणि ती दिव्याच्या माळांसाठी आणलेली ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाची बारीक तार असली, तर ११ अँपिअर प्रवाहाने तिच्यात सुमारे ११० वॅट उष्णता निर्माण होते. तार गुंडाळीवरच राहिली तर ही उष्णता बाहेर पडू शकत नाही व वरचे आवरण वितळते. उलट २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तीन तारांची केबल पूर्ण उलगडून वापरल्यास उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक साधन त्या मंडलात असणे आवश्यक आहे. ओल्या जमिनीवर आणि पावसात हे यंत्र चालवू नये. कोकणपट्टीत त्याचा अर्थ असा की छाटणी व चिपरचे काम जूनच्या पहिल्या सरीपूर्वी उरकावे, नाही तर छपराखाली करावे.

यंत्रावरील धातूच्या पट्टीवर काही वेळा 'एस ६ – ४० टक्के' असे अक्षरांक आढळतात. त्यांचा अर्थ असा की दर दहा मिनिटांपैकी चारच मिनिटे भार द्यावा आणि उरलेली सहा मिनिटे यंत्र मोकळे फिरू द्यावे. अखंड तासभर फांद्या कोंबल्या तर मोटार तापून आपोआप बंद पडते, व ग्राहक यंत्राला दोष देतो. वस्तुतः हे घरगुती यंत्र आहे, कारखान्यातील नव्हे, एवढेच ती पट्टी सांगत असते. वीजखर्चाचा विचार केला तर तासभराच्या कामाला फार तर अडीच युनिट लागतात. म्हणजे खर्चाची बाजू क्षुल्लक आहे.

६. काय घालावे, काय घालू नये

येथे दुसऱ्या विभागातील शब्दभेद पुन्हा उपयोगी पडतात. कारण पाला, डहाळी, काटकी व झावळी यांना यंत्र एकसारखे वागवीत नाही.

ताजी तोडलेली, अंगठ्याएवढी डहाळी यंत्राला सर्वांत मानवते. ओले लाकूड मऊ असते, पात्यांची धार टिकते. तीच फांदी दोन-तीन महिने उन्हात वाळली की कठीण होते, तुकडे उडतात व आवाज वाढतो. म्हणून छाटणी आणि तुकडे करणे यांत फार अंतर पडू देऊ नये. आंबा, पेरू, जास्वंद, शेवगा, कढीलिंब यांच्या फांद्या सोप्या. चिंच, बाभूळ यांच्या कठीण. फांदी जाड बाजूने आत सोडावी आणि शेंड्याची पाने मागून जाऊ द्यावीत. नुसता ओला पाला घातल्यास यंत्र गुदमरते; तेव्हा थोडा पाला, मग एक सरळ काटकी, असा क्रम ठेवावा. काटकी आतील लगदा पुढे ढकलते.

वाळका पाचोळा यंत्रात घालण्याची बहुधा गरजच नसते. तो पायांखाली तुडवला तरी चुरा होतो. नारळाची झावळी हा मात्र कोकणातील आवारांचा खास अवघड पदार्थ आहे. तिचे लांब, चिवट धागे फिरत्या भागाभोवती गुंडाळले जातात. तिचे हीर काढून खराटा करणे आणि जाड देठ कोयत्याने तोडून झाडाच्या आळ्यात आच्छादनासाठी ठेवणे, हा जुना मार्गच अधिक शहाणपणाचा आहे. बांबूही टाळावा, त्यातील सिलिकेने पाती बोथट होतात. मातीसह उपटलेली मुळे, वेल बांधण्याची तार, कपडे वाळत घालण्याच्या नायलॉन दोरीचे तुकडे, कुंपणाचे खिळे हे सर्व आधी वेचून काढले पाहिजे. सुबाभळीच्या पिकलेल्या शेंगाही घालू नयेत. लहान ढिगात उष्णता पुरेशी वाढत नाही आणि पुढील पावसात खतातूनच सुबाभूळ उगवते. रुई, थोर, कण्हेर, पांढरा चाफा यांचा चीक उडून डोळ्यांत जाण्याचा धोका असल्याने या झाडांच्या फांद्या यंत्रापासून दूर ठेवणेच बरे.

७. हाताची सुरक्षितता

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका ते चालू असताना नव्हे, तर ते अडकले असताना उद्भवतो. फांदी अडकते, मोटार थांबते, आणि माणूस झाकण उघडून हात घालतो. तबकडी थांबलेली दिसली तरी वीज जोडलेली असते. अडथळा सुटला की ती पुन्हा फिरू शकते. म्हणून नियम एकच आणि अपवादरहित ठेवावा: आत काही पाहावयाचे असेल, तर आधी खोबणीतून पिन काढावी आणि ती पिन डोळ्यांसमोर ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पाला ढकलण्यासाठी हाताचा वापर करू नये. यंत्रासोबत दिलेला दांडा किंवा एखादी लाकडी काठी वापरावी.

डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, कानांवर आवाजरोधक आणि हातांत मनगटाशी घट्ट बसणारे मोजे हवेत. सैल बाह्या, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातील दोरा यांपैकी काहीही मोकळे असू नये. रूळाच्या यंत्राचा वेग कमी असल्याने ते निरुपद्रवी वाटते. परंतु ते फांदी आपणहून ओढते, आणि फांदीला अडकलेले वस्त्रही तितक्याच निर्विकारपणे ओढते. काम चालू असताना मुलांना त्या भागात येऊ देऊ नये. माळीबुवांना यंत्र वापरावयास द्यावयाचे असेल, तर ही साधने आणि ही शिकवण त्यांना आधी देणे हे यंत्रमालकाचे कर्तव्य आहे. धोका दुसऱ्याच्या हाताला आहे म्हणून तो लहान ठरत नाही.

८. ढलपीपासून खतापर्यंत

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. यांपैकी लिग्निन फोडण्याचे सामर्थ्य काही विशिष्ट बुरशींमध्येच प्रकर्षाने असते, आणि त्या सावकाश काम करतात. या जीवांना कार्बनबरोबर नायट्रोजनही लागतो. साधारणतः पंचवीस ते तीस भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन हे प्रमाण खताच्या ढिगाला अनुकूल असते. स्वयंपाकघरातील भाजीपाल्याच्या अवशेषांत कार्बनचे प्रमाण याहून कमी, वाळक्या पाचोळ्यात अधिक आणि जुन्या लाकडाच्या भुशात तर कित्येक पट, चारशे-पाचशेपर्यंत असते. म्हणून नुसत्या भाजीपाल्याला दुर्गंधी सुटते, आणि नुसत्या ढलप्या वर्षानुवर्षे पडून राहतात. दोहोंचा मेळ घातला की दोहोंचेही दोष जातात. गृहसंस्थेच्या खतपेटीत एक घमेले भाजीपाला टाकला की त्यावर दोन ते तीन घमेली ढलप्या व पाचोळा पसरावा. ढलप्यांमुळे पेटीत हवा खेळती राहते आणि पाणी शोषले जाते. मूठभर मिश्रण पिळले असता हात ओला व्हावा, परंतु पाणी ठिबकू नये, एवढी ओल योग्य.

भाजीपाल्याचे खत दोन महिन्यांत होते. ढलपीला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणून तयार खत चाळून घ्यावे आणि चाळणीवर उरलेल्या ढलप्या पुढच्या पेटीत पुन्हा घालाव्यात. त्यांवर बुरशी आधीच वाढलेली असल्याने त्या विरजणाचे काम करतात.

सर्वच फांद्या सारख्या नसतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात लावाल विद्यापीठातील झिल लमिय यांनी बारीक फांद्यांच्या ढलप्यांचा विशेष अभ्यास केला. सात सेंटिमीटरहून कमी जाडीच्या फांद्यांत खोडाच्या लाकडाच्या तुलनेने नायट्रोजन व क्षार अधिक असतात, आणि म्हणून त्यांच्या ढलप्या मातीला अधिक उपकारक ठरतात, असा त्या विचाराचा गाभा आहे. घरगुती यंत्रात चार सेंटिमीटरहून जाड फांदी जातच नाही. त्यामुळे यंत्राची ही मर्यादा मातीच्या दृष्टीने गुणच ठरते.

ढलप्यांचा दुसरा, आणि अनेक घरांसाठी अधिक सोपा, उपयोग आच्छादनाचा. झाडाच्या आळ्यात पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर पसरल्यास उन्हाळ्यात ओल टिकते व पावसात माती वाहून जात नाही. मात्र ताज्या ढलप्या मातीत मिसळू नयेत. तसे केल्यास त्या कुजविणारे जीव मातीतील नायट्रोजन काही काळ आपल्याकडे ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. पृष्ठभागावर राहिल्या तर हा परिणाम वरच्या पातळ थरापुरताच मर्यादित राहतो. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, आणि वाळवीच्या भयास्तव इमारतीच्या जोत्याला लागून थर देऊ नये. नारळ असलेल्या आवारांत आणखी एक दक्षता हवी. माडाचा शत्रू असलेला गेंडा भुंगा कुजणाऱ्या ढिगांत अंडी घालतो. ढीग महिनोन्‌महिने न हलवता ठेवू नये. चाळताना सापडणाऱ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात.

९. कायदा, शेजार आणि मालकी

यंत्र हाती आले म्हणून छाटणीचा अधिकार प्राप्त होत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि झाडाला इजा पोचविणे हेही तोडण्यातच मोडते. म्हणून मोठ्या फांद्या उतरविण्यापूर्वी ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे विचारणा करणे इष्ट आहे.

आवाजाचा प्रश्नही गौण नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. वेगवान पात्यांचे यंत्र जवळून त्याहून पुष्कळ मोठा आवाज करते. चार मजल्यांच्या इमारतींमधील चिंचोळ्या आवारात तो भिंतींवर आदळून वर चढतो. दुपारच्या विश्रांतीची व परीक्षांच्या दिवसांतील वेळ टाळून, शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन काम करावे. दाट वस्तीत रुळाचे यंत्र श्रेयस्कर आहे.

यावरून मालकीचा प्रश्न ओघानेच येतो. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातील बंगल्यासारखे स्वतःचे अंगण असलेल्या घरालाही असे यंत्र वर्षातून काही दिवसच लागते; नौपाड्यातील गृहसंस्थेतील एका सदनिकेला तर ते निराळे घेण्याचे कारणच नाही. चार-पाच गृहसंस्थांनी मिळून एक यंत्र घेणे, ते चालविण्यास एका माणसास नीट शिकविणे, आणि प्रत्येक आवारात खतपेटी ठेवणे ही व्यवस्था अधिक युक्त होय. जेथे खतपेटी नाही, आळी नाहीत आणि ढलप्या पसरण्यास मातीच उरलेली नाही, तेथे यंत्र घेऊन काही साधणार नाही. माती आधी, यंत्र नंतर, हा क्रम उलटवता येत नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की घरगुती विद्युत चिपर हे एका दीर्घ क्रियेतील मधले साधन आहे. त्याच्या अलीकडे छाटणीचा विवेक हवा. पलीकडे खताची व्यवस्था हवी. ही दोन्ही टोके जुन्या व्यवहारात शाबूत होती. राब करणाऱ्या शेतकऱ्याला कोणती डहाळी केव्हा तोडावयाची हे ठाऊक होते, आणि इंदूरच्या शेतावर गाडीच्या चाकाखाली चिरडलेली काडी शेवटी कोठे जाणार हेही ठरलेले होते. शहराने दोन्ही टोके सोडून मधला ढीग तेवढा धरून ठेवला आणि त्याला कचरा हे नाव दिले.

पाला, पाचोळा, डहाळी, काटकी, झावळी हे शब्द पुन्हा वापरात आणणे म्हणजे केवळ बोलीभाषेचे जतन नव्हे. जो माणूस आवारातील ढिगाकडे पाहून हे भेद करू शकतो, तो झावळी यंत्रात घालून ते अडकवीत नाही, पाचोळ्यासाठी वीज दवडत नाही, आणि काडीही ओढत नाही. यंत्राच्या सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत जे सांगितलेले असते, त्यातील बराचसा भाग या शब्दांत पूर्वीपासूनच साठवलेला आहे.